अकरावीतच कॉलेजचा पेपर द्यायचा का? वाचक विचारतात, सर सांगतात

या वेळी टपालात (टपाल म्हणायची सवय, आता सगळं व्हॉट्सॲपवरच येतं आणि निम्म्या लोकांचे तर व्हॉइस मेसेज, ते ऐकून उतरवायला नातीला बसवावं लागतं) एकाच विषयावर इतके प्रश्न आले की बाकीचे सगळे पुढच्या अंकात ढकललेत. पोरांनी शाळेत असतानाच कॉलेजचे कोर्स करायचे का, परीक्षा द्यायच्या का, हा तो विषय.

एक घोळ आधीच मिटवतो. आपल्याकडे अकरावीलाच कॉलेज म्हणतात, पोरगं दहावी झालं की गाडीला किक मारून "कॉलेजला जातो" म्हणतं, म्हणून दोन-तीन पत्रांत कोण कशाबद्दल विचारतंय तेच मला कळेना. तर खाली जिथे जिथे कॉलेजचा कोर्स असं येईल तिथे बारावीनंतरचा, डिग्रीचा, एफवायच्या लेव्हलचा कोर्स समजा.

प्रश्न : सर नमस्कार, अमळनेरहून लिहितेय. माझे मोठे दीर-जाऊ न्यू जर्सीला असतात. आखाजीला व्हिडिओ कॉल केला, म्हटलं पुतणीशी बोलू, तर जाऊबाई म्हणे तिच्या एपीच्या परीक्षा चालू आहेत, तीन पेपर आहेत, आणि वर म्हणे "अगं ती शाळेतच कॉलेजचे पेपर देते, आमचं एक सेमिस्टर वाचलं". पुतणी तिकडे अकरावीला आहे. माझी मुलगी यंदा दहावी झाली, हुशार आहे, पण असलं काही आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. मला रात्रभर झोप नाही आली. हे एपी म्हणजे काय आणि माझी मुलगी मागे पडलीये का?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो म्हणजे आज तरी झोपाल. नाही पडली मागे.

आता एपी. ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. तिकडच्या कॉलेज ॲडमिशनसाठीची सॅट परीक्षा घेणारी कॉलेज बोर्ड नावाची संस्था आहे ना, तीच हे १९५५ पासून चालवते. करतात काय तर शाळेतच, शाळेतल्याच शिक्षकांकडून, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जेवढं असतं तेवढा एखादा विषय वर्षभर शिकायचा आणि मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत बोर्डाचा पेपर द्यायचा, सगळ्यांना एकच पेपर. कॅल्क्युलस, बायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, अमेरिकेचा इतिहास, असे ४० च्या आसपास विषय आहेत, ज्याला जेवढे झेपतील तेवढे घ्यायचे. मार्क १ ते ५. ३ आले तर जमलं म्हणायचं, ५ आले तर पेढे. ९४.२० का ९४.४० ही भानगडच नाही, आणि खरं सांगू का, ३१ वर्षं पेपर तपासलेत मी, मला ही १ ते ५ वाली पद्धत फार आवडते, अर्ध्या मार्कासाठी रडणारे आईबाप तरी वाचतात.

जाऊबाईंचं "सेमिस्टर वाचलं" खरं आहे का? होऊ शकतं. तिकडे चार वर्षांची डिग्री साधारण १२० क्रेडिटची (विषय पास होत जाल तसे नावावर जमा होणारे पॉइंट), एकेक विषय ३ नाहीतर ४ क्रेडिटचा, आणि फी बऱ्याच ठिकाणी क्रेडिटवर मोजतात. एपीचा पेपर साधारण १०० डॉलरचा. तोच विषय कॉलेजात जाऊन शिकायचा तर हजारात जातो. म्हणून हुशार घरं तीन-चार पेपर आधीच उरकून टाकतात. पण ताई, गणिताचा मास्तर आहे म्हणून मोजतो, एक सेमिस्टर म्हणजे १५ क्रेडिट, म्हणजे पाच विषय. तुमच्या पुतणीचे यंदा तीनच आहेत, मागच्या वर्षी दोन दिले असतील तर हिशेब जुळतो. आणि एपीचा निकाल लागतो जुलैत, आखाजीला पेपर चालू असताना काय वाचलं ते कोणालाच माहीत नाही. मोठी गोष्ट तर पुढेच आहे. पोरगी अकरावीत म्हणजे तिला अजून कोणत्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळणार तेच ठरायचंय, आणि एपीचं क्रेडिट द्यायचं की नाही हे परीक्षा घेणारा ठरवत नाही, ॲडमिशन देणारा ठरवतो. बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिट्या ३ वर देतात, काही ठिकाणी ४ लागतात, काही ठिकाणी ५. एमआयटी कॅल्क्युलसच्या दोन पेपरांतल्या मोठ्या पेपराला ५ असतील तर पहिला गणिताचा कोर्स माफ करते. कॅलटेक एपीला क्रेडिटच देत नाही. डार्टमथ आधी द्यायचं, २०१४ ला आत आलेल्या बॅचपासून बंद केलं.

आपल्याकडे क्रेडिट म्हटलं की उधारी आठवते. तर तसंच समजा, एका दुकानात तुमच्या नावावर पैसे जमा आहेत, वहीत लिहिलेले आहेत, सही-शिक्का सगळं आहे, पण ती वही घेऊन शेजारच्या दुकानात गेलात तर तो म्हणेल वही छान आहे हो, साखर रोख देऊन घ्या.

आता तिकडे हे एवढं का चालतं आणि आपल्याकडे का नाही, ते सांगतो कारण तुमच्या झोपेचा प्रश्न त्यात आहे. अमेरिकेत आपल्यासारखी सगळ्यांची एक बारावी बोर्डाची परीक्षा नसते. शाळा आपापले मार्क देते, कोणती शाळा सैल हात सोडते, कोणती कडक. मग कॉलेजवाल्याने दोन पोरांची तुलना करायची कशी? तिथे एपी कामाला येतं, सगळ्यांना एकच पेपर आणि एकच तराजू. म्हणजे क्रेडिट नाही मिळालं तरी "या पोरीने अवघड विषय अंगावर घेतले" हे ॲडमिशनला दिसतं. आपल्या पोरीला बोर्ड आहे, सीईटी आहे, नीट-जेईई आहे, तराजूच तराजू आहेत, वजनाला माल कमी पडतो. आणि तिने सायन्सला गणित घेतलं तर बारावीपर्यंत डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन सगळं होतंच, तिकडे कॅल्क्युलसला हात न लावता शाळा संपवणारी पोरं कितीतरी.

पुढच्या कॉलला जाऊबाई कदाचित दुसरंही एक सांगतील, ड्युअल एन्रोलमेंट. त्यात पोरगं शाळेत असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) जाऊन किंवा ऑनलाइन खरा कॉलेजचा वर्ग करतं, तिथले मार्क शाळेतही धरतात आणि कॉलेजातही. मिनेसोटा राज्याने १९८५ ला याचा कायदा केला, मग बाकीची राज्यं. तिसरं क्लेप, वर्गात बसायचंच नाही, नुसता पेपर द्यायचा, २० ते ८० मध्ये मार्क, ५० आले की बरीच कॉलेजं क्रेडिट देतात. ही तीन नावं माहीत असली की कॉलवर तुमचं काही अडत नाही.

मुलीला आता सुट्टी असेल, तिला झोपू द्या, मांडे करायला शिकवा.

प्रश्न : सर मी चोपड्याचा आहे, आता अकरावी सायन्स. मला एपी कॅल्क्युलस द्यायची आहे इथूनच. यूट्यूबवर एक दादा सांगत होता की इंडियातून देता येते. मला फॉरेनला जायचंय. आमच्या सरांना विचारलं तर ते म्हटले आधी युनिट टेस्ट पास हो. देऊ का?

उत्तर : तुझ्या सरांचं आणि माझं जमेल असं दिसतं.

देता येते. शाळेत एपी शिकवत नसले तरी बाहेरचा विद्यार्थी म्हणून बसता येतं, पण ज्या शाळेत केंद्र आहे त्यांनी तुला बसू दिलं पाहिजे, त्यांच्यामार्फतच नाव नोंदवायचं, आणि नोंदणी मेच्या परीक्षेसाठी आदल्या नोव्हेंबरातच संपते. केंद्रं मोठ्या शहरात. चोपड्याला रेल्वे नाही, म्हणजे आधी जळगाव नाहीतर अमळनेर गाठ, मग मुंबई-पुणे. फी अमेरिकेबाहेर जास्त असते, त्यात तुझा आणि सोबत येणाऱ्याचा राहण्या-खाण्याचा खर्च धर, मेच्या उन्हात. वडिलांना हा आकडा कागदावर लिहून दाखव, तोंडी सांगू नको.

अभ्यासाचं म्हणशील तर कॅल्क्युलसचे दोन पेपर आहेत, एबी आणि बीसी. एबी आपल्या अकरावी-बारावीच्या कॅल्क्युलसमध्ये बराचसा येऊन जातो. बीसीत टेलर सिरीज, सिरीज कन्व्हर्ज होते का ते तपासणं, पोलर कर्व्ह, असं आपल्या पुस्तकात नसलेलं बरंच आहे, मात्र बीसी दिली तर त्यात एबीचा मार्क वेगळा काढून देतात. पण तारखा बघ. बारावीत दिलीस तर फेब्रुवारी-मार्चला बोर्ड, एप्रिलला जेईई मेन्स, सीईटी, मेच्या सुरुवातीला नीट आणि त्याच दोन आठवड्यांत तुझी एपी. अकरावीत दिलीस तर इंटिग्रेशन तुझं झालेलंच नसणार कारण ते आपल्याकडे बारावीला आहे, म्हणजे ते घरी बसून स्वतः करावं लागेल. मी दोन्हीतलं एक निवड म्हटलं असतं तर अकरावी म्हटलं असतं. पण ते नंतर बघू.

पेपर कसा असतो ते तुला माहीत पाहिजे कारण आपली पोरं तिथे गडबडतात. एबीत ४५ ऑब्जेक्टिव्ह, पावणेदोन तास. मग ६ मोठे प्रश्न, दीड तास. दोन्हीला निम्मं निम्मं वजन. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून रिकामं काही सोडायचं नाही. काही भागाला ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर चालतो, चालतो काय, लागतोच. आपण बोर्डाला लॉग टेबलची पानं उलटतो आणि तिकडे पोरगं स्क्रीनवर ग्राफ काढून छेदबिंदू वाचतं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला फसवणूकच वाटली होती. मग प्रश्न नीट वाचले आणि कळलं की कॅल्क्युलेटर देऊनही पोरं का अडकतात. टाकीत पाणी किती दराने येतं त्याचा तक्ता देतात, सूत्र देतच नाहीत, आणि विचारतात चौथ्या तासाला पाणी वाढतंय का कमी होतंय, कारण लिहा. कारण. आपल्याकडे पोरं सत्तर इंटिग्रेशनं पाठ करतात आणि "कारण लिहा" म्हटलं की पेन थांबतो. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांना मार्क मिळतात, पण नुसतं बरोबर उत्तर लिहून कारण नसलं तर जातात.

आता खरं विचारतो. फॉरेनला म्हणजे कधी? बारावीनंतर लगेच डिग्रीला जाणार असशील आणि घरी तेवढी सोय असेल, नाहीतर स्कॉलरशिपच्या मागे लागायची तयारी असेल, तर आधी तीन-चार युनिव्हर्सिट्यांची नावं काढ, प्रत्येकीच्या वेबसाइटवर एपीचं पान असतं, कोणत्या विषयाला किती मार्कावर किती क्रेडिट त्याचा तक्ता असतो, तो बघ, मग फॉर्म भर. पण आपल्याकडून तिकडे जाणारी बरीचशी पोरं बीई करून एमएसला जातात. तसं असेल तर तेव्हा तुझी एपी कोणी विचारणार नाही. आणि इथल्या आयआयटी, सीईटीच्या ॲडमिशनला एपीचा काडीचा उपयोग नाही.

मग करू नको का? फॉर्म भरू नको म्हणतोय, प्रश्न सोडव. कॉलेज बोर्ड मागच्या वर्षांचे मोठे प्रश्न आणि ते तपासायची पद्धत, कशाला किती मार्क, सगळं फुकट टाकतं. दर रविवारी एक सोडव, स्वतःच तपास. दिवाळीपर्यंत टिकलास तर मला परत लिही, मग नोव्हेंबरच्या फॉर्मचं बोलू. आणि युनिट टेस्ट पास हो.

प्रश्न : जय श्रीराम सर, रावेर तालुक्यातून. केळी आहे आपली. पोरगा अकरावीची परीक्षा देऊन बसला आणि म्हणतो जेईई न देता आयआयटी मद्रासची डिग्री मिळते, बारावीच्या आधीच परीक्षा देता येते. मला वाटलं थापा. पण शहरातला एक क्लासवाला म्हटला खरं आहे, सीट बुक करून देतो, पंचवीस हजार भरा, गॅरंटी. खरं काय?

उत्तर : दादा, पोरगा खरं बोलतो. क्लासवाला नाही.

आयआयटी मद्रासने २०२० ला डेटा सायन्सची ऑनलाइन डिग्री सुरू केली, तेव्हा बीएस्सी म्हणून, आता बीएस. जेईई लागत नाही. दहावीला गणित आणि इंग्रजी पाहिजे, अकरावीची वार्षिक परीक्षा दिलेला पोरगा अर्ज करू शकतो, शाखा कोणतीही चालते, आर्टवालाही. अर्ज केला की चार आठवडे चार विषयांचे व्हिडिओ येतात, इंग्रजी, गणित, स्टॅटिस्टिक्स आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग, दर आठवड्याला गृहपाठ असतो, तो जमला तर शेवटी केंद्रावर जाऊन क्वालिफायर परीक्षा. ती पास झाला तर बारावी पास झाल्यावर कोर्सला लागतो. म्हणजे जागा मर्यादित आहेत, कोणीतरी बुक करून देतो, असा प्रकारच नाही. पास झाला तो आत. सगळं त्यांच्या वेबसाइटवर स्वतः भरायचं, उत्पन्नाप्रमाणे आणि प्रवर्गाप्रमाणे फीत सवलत पण आहे, कागदपत्रं तयार ठेवा. पंचवीस हजार कशाचे मागतो विचारा त्याला, घड झाडावर असताना बागेत न येताच भाव सांगणाऱ्या व्यापाऱ्याला तुम्ही काय विचाराल, ते विचारा.

आता पोरगा जे सांगत नसेल ते मी सांगतो. ही डिग्री आयआयटीची आहे पण बीटेक नाही, हॉस्टेल नाही, चेन्नईला राहणं नाही. घरी बसून शिकायचं, परीक्षेला केंद्रावर जायचं. सगळं इंग्रजीत. एका विषयाला आठवड्याला साधारण १० तास लागतात असं ते स्वतःच सांगतात, मी म्हणतो आपल्या पोरांना सुरुवातीला १४ धरा कारण व्हिडिओ दोनदा बघावा लागतो. टप्पे आहेत, फाउंडेशन, मग डिप्लोमा, मग डिग्री, मधे थांबला तर तिथपर्यंतचं सर्टिफिकेट मिळतं, हे मला चांगलं वाटतं. आणि २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन डिग्र्या करायला परवानगी दिलीय, म्हणून इकडे जळगावला बीएस्सी आणि तिकडे हे, असं चालतं. पण दोन दगडांवर पाय ठेवायचा तर पाय तरी मजबूत पाहिजेत.

माझं ऐकाल तर क्वालिफायर देऊ द्या. चार आठवड्यांत कळतं पोराला. गृहपाठाची वेळ संपायच्या रात्री अकराला जर तो लाइटच्या नावाने बोंबलत लॅपटॉप उघडत असेल तर चार वर्षं तेच होणार, आणि बुधवारीच उरकून शेतात येत असेल तर बिनधास्त राहा.

प्रश्न : नमस्कार सर, मी शहाद्याच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. माझ्या वर्गात पाच-सहा मुलं फार पुढची आहेत, पुस्तक जुलैतच संपवून बसतात. त्यांना एनपीटेलचा कोर्स करायला लावावा का? आणि पुढे एफवायला गेल्यावर त्याचे क्रेडिट धरतील का? नवीन धोरणात तसं आहे म्हणतात.

उत्तर : मॅडम, पाच-सहा मुलं जुलैत पुस्तक संपवतात हे वाचून आधी हेवा वाटला. माझ्या वर्गात निम्मी पोरं नावाला असायची, ॲडमिशन आमच्याकडे आणि मुक्काम कोटा नाहीतर लातूर, मी हजेरी घेऊन भिंतींना शिकवायचो.

करायला लावा. एनपीटेल म्हणजे कॉलेजच्या लेव्हलचे ऑनलाइन कोर्स, आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीने मिळून २००३ ला काढलं, आता २०१७ पासून सरकारच्या स्वयम पोर्टलवरून चालतं. कोर्सला बसायला कोणतीच अट नाही, अकरावीचा पोरगा बसला तरी कोणी हटकत नाही, आणि शिकायला फुकट आहे. पैसे फक्त परीक्षेचे, साधारण हजार रुपये, तेही परीक्षा द्यायची असेल तरच. कोर्स ४, ८ नाहीतर १२ आठवड्यांचे, त्याला १, २ आणि ३ क्रेडिट. मार्कांचं वाटप तुम्हाला आवडेल, गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५, आणि दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं, २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. म्हणजे वर्षभर झोपून शेवटी मारलेला हात चालत नाही. सगळे गृहपाठ पण धरत नाहीत, १२ आठवड्यांच्या कोर्सला चांगले ८ धरतात, म्हणून एखादा आठवडा लग्नसराईत गेला तरी बिघडत नाही.

क्रेडिटचं मात्र सांभाळून सांगा मुलांना. कागदावर बघाल तर २०२३ चं नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क शाळेपासून पीएचडीपर्यंत एकच माळ ओवतं, वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, ३० तासाला एक. एबीसी नावाची क्रेडिटची बँक आहे. यूजीसी एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करू देते. पण ते सगळं डिग्रीला प्रवेश घेतलेल्या मुलासाठी आणि त्याच्या कॉलेजने तो कोर्स आधी मान्य केला असेल तर. तुमच्या मुलाने अकरावीत केलेला कोर्स दोन वर्षांनी एखाद्या कॉलेजने धरावा असा हक्क सांगता येत नाही. वर अमळनेरच्या ताईंना दुकानाच्या वहीचं सांगितलंय तेच. म्हणून मुलांना "क्रेडिट मिळेल" म्हणून बसवू नका, नाही मिळालं की तुम्हालाच धरतील. "एफवायला हे परत येईल तेव्हा तुला सोपं जाईल" एवढंच सांगा, ते शंभर टक्के खरं आहे.

माझा अनुभव सांगतो. रिटायर व्हायच्या आधी मी ११ पोरांना एका १२ आठवड्यांच्या कोर्सला बसवलं होतं. तिसऱ्या आठवड्याला ७ उरले, परीक्षेला ३ गेले. चूक माझी होती, मी कोर्स माझ्या आवडीचा निवडला होता, आणि पहिल्याच व्हिडिओत प्रोफेसर जे इंग्रजी बोलले त्यात आमच्या दोन पोरांना वाटलं हे जर्मन आहे. पुढच्या वर्षी शहाणा झालो. चार आठवड्यांचा कोर्स घेतला, शनिवारी शाळा सुटल्यावर लॅबमध्ये एकत्र बघायचो, मधे मधे थांबवून मराठीत, आणि एका पोराला तर अहिराणीत समजवायचं, फळ्यावर तेच गणित परत करायचं, तेव्हा ९ पैकी ८ टिकले. एकटं घरी मोबाइलवर बघणारं पोरगं दोन आठवड्यांत क्रिकेटवर जातं. एकत्र बसवा. चहा द्या. आणि परीक्षा द्यायचीच असं नाही, केंद्र दूरच्या शहरात येतं, ज्या मुलीला घरून एकटं पाठवत नाहीत तिला आधीच सांगून ठेवा की नुसतं शिकलं तरी चालतं, नाहीतर शेवटच्या आठवड्यात घरी भांडण होतं आणि कोर्सचंच नाव खराब होतं.

प्रश्न : सर, मुलगी गाण्याच्या मध्यमा पूर्णला पास झाली. आता दहावी. घरचे म्हणतात क्लास बंद. काय करू? पाचोरा.

उत्तर : या अंकातली सगळी पत्रं वाचून मला हेच म्हणायचं होतं आणि तुम्ही आयतं दिलंत. शाळेत असताना वरच्या लेव्हलची परीक्षा द्यायची हे अमेरिकेने शोधलेलं नाही. आपल्याकडची पोरं शाळेचं दप्तर घेऊन चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट देत आलीत, हिंदीच्या परीक्षा देत आलीत, टायपिंग आणि एमएस-सीआयटी करत आलीत. गांधर्व महाविद्यालयाची तर पायरीच बघा, प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, पूर्ण, मध्यमा प्रथम, पूर्ण, मग विशारदची दोन वर्षं, आणि विशारद पूर्णला संगीतातल्या पदवीच्या तोडीचं समजतात. म्हणजे तुमची मुलगी दहावीत असताना कॉलेजच्या उंबऱ्यावर उभी आहे आणि घरचे दार लावतायत. दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव मार्क पण मिळतात, शाळेतून प्रस्ताव वेळेत जातो का तेवढं बघा, ते शाळा विसरतात. क्लास आठवड्याला एक दिवस करा, रियाज सकाळी अर्धा तास. विशारदची परीक्षा दहावीनंतर देऊ दे, घाई नाही. बंद करू नका.

प्रश्न : सर नाव छापू नका. मी अकरावीत असताना ऑनलाइन कॉलेजचा एक प्रोग्रामिंगचा कोर्स लावला, परीक्षेची फी पप्पांनी भरली. परीक्षेला ७५ पैकी २२ आले, सर्टिफिकेट नाही मिळालं. घरी सांगितलं नाही. आता बारावी झाली आणि ॲडमिशनचे फॉर्म भरायचे आहेत, हे कुठे दिसेल का? नंदुरबार जिल्हा.

उत्तर : कुठेच दिसणार नाही बेटा. तू सांगितलेले ७५ पैकी मार्क बघता तो एनपीटेलचाच कोर्स असणार, तिथे पास नाही झालं तर सर्टिफिकेट मिळत नाही, बस. बारावीच्या मार्कशीटवर येत नाही, सीईटीच्या फॉर्ममध्ये त्याचा रकाना नाही, डिग्रीला गेल्यावर कोणी विचारणार नाही. अमेरिकेत तू ड्युअल एन्रोलमेंट केली असतीस तर गोष्ट वेगळी होती, तिथे शाळेत असताना कॉलेजात मिळालेली ग्रेड कायमची कॉलेजच्या रेकॉर्डला लागते, चांगली तशी वाईट पण, म्हणून तिकडचे लोक पोरांना जपून बसवतात. आपल्याकडे ते नाही.

२२ म्हणजे ८ मार्क कमी पडले. गृहपाठात बहुधा १० च्या वर असशील. प्रोग्रामिंगचा कोर्स बहुतेक जानेवारी नाहीतर जुलैत परत लागतो, बघ तोच आहे का, बसायला पैसे नाहीत. हजार रुपयांचं पप्पांना सांग. फॉर्म भरायला सोबत जाल ना, तेव्हा बसमध्ये सांग, बसमध्ये माणूस ओरडत नाही.